चिठ्ठी सापडल्यावर काय करायचं?

(माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

सहामाही संपून निकालपत्रं घरी गेली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी बदलतो. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं कॉपीबद्दल आहेत. आईवडिलांची आहेत, शिक्षकांची आहेत, एक दहावीतल्या मुलीचंही आहे. दहावीच्या परीक्षेला अजून अवकाश आहे, म्हणून ही पत्रं आत्ताच घेते. फेब्रुवारीत या उत्तरांचा कुणाला उपयोग नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. विज्ञानाच्या पेपरला त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. शाळेने आम्हाला बोलावलं, तो पेपर शून्य धरला. घरी आल्यावर वडिलांनी मारलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही सारखी म्हणते आहे, आपल्या घरात असं कधी कुणी केलं नाही. तो आता जेवायलासुद्धा बाहेर येत नाही. चिठ्ठीत संयुजा की काय ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. हा असाच वाया जाईल का? – एक आई, बार्शी

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. चिठ्ठीत संयुजा होत्या, म्हणजे एखादं मूलद्रव्य दुसऱ्याशी किती बंध जोडतं ते सांगणारे आकडे.

नववीला ‘द्रव्याचे मोजमाप’ नावाचा धडा आहे. त्यात मूलद्रव्यांच्या आणि मूलकांच्या (एकत्र वागणाऱ्या अणुगटांच्या) संयुजा पाठ कराव्या लागतात. सोडियमची एक, कॅल्शियमची दोन, ॲल्युमिनियमची तीन, नायट्रेटची एक, सल्फेटची आणि कार्बोनेटची दोन, फॉस्फेटची तीन. यातल्या बऱ्याच गोष्टी त्या वयाच्या मुलाला विचार करून काढता येत नाहीत, डोक्यात असाव्या लागतात. कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या, पंख्यासारख्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. चिठ्ठी फाडून टाकण्याआधी मी ती नेहमी वाचायचे. मुलाला काय येत नाही, किंवा कशाची भीती वाटते, हे त्याने स्वतःच्या हाताने त्यात लिहून ठेवलेलं असतं. प्रगतिपुस्तकातून इतकं कळत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी एक करा. त्याच्याजवळ बसा, संयुजांचा तक्ता उघडून त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘हे बघून ॲल्युमिनियम सल्फेटचं सूत्र लिही.’ ॲल्युमिनियमची संयुजा तीन, सल्फेटची दोन, म्हणजे अदलाबदल होऊन दोन ॲल्युमिनियमला तीन सल्फेट. त्याने हे लिहिलं, तर मुलाला रसायनशास्त्र येतं आहे, फक्त पाठांतर राहिलं आहे. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं तुम्ही तक्ता हातात धरायचा आणि त्याने न बघता सांगायचं. चुकलं तर लगेच सांगा आणि पुढे जा. नुसतं वाचत बसण्यापेक्षा असं आठवून सांगितलेलं जास्त टिकतं. तुम्हाला विज्ञान येण्याची गरज नाही, अक्षरं वाचता आली की पुरे.

आणि तक्ता समोर असूनही त्याला सूत्र जमलं नाही, तर ती चिठ्ठी त्याच्या काहीच उपयोगाची नव्हती हे तुमच्या आणि त्याच्या दोघांच्याही लक्षात येईल. मग तो पाठांतरात मागे नाही, दोन-तीन महिन्यांपासून वर्गात हरवलेला आहे. अशा वेळी विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा. शून्याचे गुण वाढवून मागायला जाऊ नका. ‘कुठल्या धड्यापासून पुन्हा सुरू करू?’ एवढंच विचारा. असा प्रश्न विचारणारे पालक फार थोडे असतात. त्यांना शिक्षक आनंदाने वेळ देतात.

वाया जाईल का, असं तुम्ही विचारता. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी १९२८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांना त्यांनी वर्गातल्या चाचण्यांत, खेळांत, घरच्या अभ्यासात लबाडी करता येईल अशा जागा मुद्दाम ठेवल्या आणि कोण काय करतं ते पाहिलं. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी सरळ वागत होतं, आणि उलटही. लबाड मुलं एकीकडे आणि प्रामाणिक मुलं दुसरीकडे, अशी वाटणी त्यांना करता आली नाही. माझा वर्गातला अनुभवही हाच आहे. सहलीचे उरलेले पैसे पै न पै परत आणून देणारा मुलगा भूगोलाच्या पेपरला शेजारच्याचं बघून लिहिताना मी पाहिला आहे. म्हणून ‘तू चोर आहेस’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नका. त्याने केलं ते चूक होतं, शून्य मिळालं ते योग्य झालं, आणि ते त्याने भोगायचं आहे, इतकं त्याला स्पष्ट सांगा आणि तिथेच थांबा. ‘आपल्या घरात कधी कुणी’ हे तर अगदीच सोडा. त्या वाक्यानंतर मुलाला घरात परतायला जागा उरत नाही.

वडिलांना माझा निरोप द्या. पहिला शब्द मोठ्या माणसाने बोलायचा असतो. आज ताटावर बसताना त्यांनी त्याला हाक मारावी.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दहावीला पर्यवेक्षक म्हणून काम येतं. पहिल्या दिवशीच सांगण्यात येतं, ‘सर, निकालाचं बघा.’ खिडकीपाशी गावातली पोरं उभी असतात. गेल्या वर्षी मी एका मुलाकडची मायक्रो झेरॉक्स काढून घेतली, तर संध्याकाळी माझ्या गाडीची हवा सोडलेली होती. सहकारी म्हणतात, आपल्याला काय करायचंय. मी एकटा काय करू? – एक शिक्षक, मराठवाडा

सर, तुम्ही ती चिठ्ठी काढून घेतलीत याबद्दल आधी तुमचं मनापासून कौतुक करते. आता कामाचं बोलू.

वर्गावर गेल्यावर प्रश्नपत्रिका वाटण्याआधी एक मिनिट घ्या. केराची टोपली हातात घेऊन बाकांमधून फिरा आणि शांतपणे सांगा, ‘खिशात, पॅडखाली, पेटीत काही राहिलं असेल तर यात टाका, मी विचारणार नाही.’ कुणाकडे रोखून पाहू नका. बरीच मुलं टाकतात. बहुतेकांनी ते कागद भीतीपोटी आणलेले असतात, टाकायला संधी मिळाली की त्यांनाही सुटल्यासारखं वाटतं. मग पेपर सुरू झाला की फळ्यापाशी उभे राहू नका, वर्गाच्या मागे उभे राहा. तुम्ही कुठे बघताय हे मुलांना दिसत नाही आणि तेवढ्याने निम्म्या माना वळायच्या थांबतात. बैठक क्रमांक तपासून सही करायला प्रत्येक बाकापाशी जावंच लागतं, ते सावकाश करा. खिडकीशी कुणी आलं तर वाद घालू नका. केंद्रसंचालकांना कळवा, आणि दुसऱ्यांदा आलं तर वेळ घालून लेखी कळवा. कागदावर तुमची सही आणि वेळ असली की ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं कुणालाच म्हणता येत नाही. महाराष्ट्रात परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ पासून आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या पोरांना सहसा ठाऊक नसतं. ते शाळेच्या फाटकावर मोठ्या अक्षरात लावायला केंद्रसंचालकांना सांगा.

‘निकालाचं बघा’ असं म्हणणारी माणसं मनाने वाईट असतात असं मला वाटत नाही. निकाल खाली आला की पुढच्या वर्षी पालक मुलं दुसऱ्या शाळेत घालतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पदं कमी होतात आणि कुणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो. ही साखळी मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून पाहिली आहे, तिचं ओझं काय असतं ते मला माहीत आहे. पण तिच्यावरचा इलाज म्हणून पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातात चिठ्ठ्या देणं मला कधीही मान्य होणार नाही. ती पोरं अकरावीला जातात आणि पहिल्या चाचणीतच कळतं की वर्गसमीकरण सोडवता येत नाही. त्या दिवशी त्यांच्याजवळ ना केंद्र असतं, ना खिडकी.

तुमच्याच भागात, नांदेड जिल्ह्यात, जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी २०१० च्या सुमारास कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने राबवली होती. महसूल, पोलीस, शिक्षण असे सगळे विभाग एकत्र उभे राहिले, तेव्हा कुठे एकट्या शिक्षकावरचा भार उतरला. पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून त्याचं नाव राज्यभर झालं. २०१५ मध्ये बिहारच्या वैशाली जिल्ह्यातला एक फोटो देशभर गाजला, शाळेच्या भिंतीवर चढून खिडक्यांतून चिठ्ठ्या देणाऱ्या माणसांचा. आपल्याकडे लोक तो बघून हसले. मला त्यात दिसले ते मुलांचे घरचे लोक, जीव धोक्यात घालून चढलेले. तसं प्रेम आपल्याही गावांत आहे. त्याला वळण लावायचं असेल तर जानेवारीत गावात पालकांची सभा घ्या, ग्रामपंचायतीच्या लोकांना पुढे बसवा आणि कच्च्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग मागा. दिवे, चटया, चहा गाव देतं. खिडकीशी उभ्या राहणाऱ्या पोरांपैकी जी बारावी-पदवीची आहेत, त्यांच्याकडे दोन-दोन मुलं शिकवायला द्या. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या शाळेत हे आम्ही केलं होतं. त्या पोरांना आपण उपयोगी पडतोय ही भावना हवी असते, ती चांगल्या मार्गाने मिळाली तर ती खिडकीशी येत नाहीत.

परीक्षा मंडळही आपल्या परीने बदलतं आहे. पूर्वी सकाळी अकरा वाजताच्या पेपरला प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाटत. मोबाइलवर पेपर फिरू लागले, म्हणून २०२३ पासून ते बंद केलं आणि मुलांची दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. २०२५ मध्ये, जिथे आधी गैरप्रकार सापडले होते त्या केंद्रांवर दुसऱ्या शाळांचे पर्यवेक्षक नेमले. तुमच्या केंद्रावर तसं व्हावं असं वाटत असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा, एकट्याने नको, आणखी दोघा-तिघांच्या सह्या घ्या. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणणाऱ्यांतही मनातून कंटाळलेले लोक असतात. कुणीतरी कागद पुढे केला की ते सही करतात.

प्रश्न : आठवी ते दहावीला गणित शिकवते. घटक चाचणीला मुलं सर्रास बघून लिहितात. वर्गखोली लहान, एका बाकावर तिघं. कितीही ओरडलं तरी फरक नाही. पेपर कसा काढावा? – एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

ओरडणं सोडून पेपरकडे वळलात, हे फार बरं केलंत. एका बाकावर तिघं असतील तर तीन संच काढा. मेहनत वाटते तितकी नाही. प्रश्न तोच, फक्त आकडे बदलायचे. अंकगणिती श्रेढीत पहिलं पद आणि सामान्य फरक बदलला की झालं. संच वेगळे आहेत हे आधीच सांगून टाका. मुलांना पकडणं हा आपला उद्देश नाही, शेजारी बघणं निरुपयोगी करणं हा आहे.

प्रमेयाची सिद्धता पाठ करून घेऊन तशीच विचाराल तर कॉपी होणारच, कारण उत्तर अक्षरशः एकच आहे. त्याऐवजी सिद्धता लिहून द्या, मधली एक पायरी मुद्दाम चुकीची ठेवा आणि ‘कुठे चुकलं, का चुकलं’ ते विचारा. किंवा पुस्तक उघडं ठेवू द्या. विज्ञानात मी ‘प्रकाशाचे अपवर्तन’ शिकवून झाल्यावर पुस्तक समोर ठेवून विचारायचे : बादलीतल्या पाण्यात टाकलेलं नाणं वर आल्यासारखं का दिसतं, आकृती काढून सांगा. पुस्तकातल्या नियमांची वाक्यं उतरवली तरी आकृतीत किरण कुठून कुठे वळतो हे ज्याचं त्यालाच काढावं लागतं.

अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांसाठी एक उपक्रम सांगते, माझा फार आवडता. समरूपता शिकवून झाली की ऊन असताना वर्ग मैदानात न्या. प्रत्येकाने स्वतःची उंची आणि स्वतःची सावली मोजायची, त्याच वेळी ध्वजस्तंभाची सावली मोजायची, आणि दोन त्रिकोण समरूप धरून स्तंभाची उंची काढायची. प्रत्येकाचे आकडे वेगळे. एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटरच्या मुलीने एकशे पासष्टच्या मुलाचं उतरवलं तर ते डोळ्यांनीच दिसतं. आणि उत्तर मात्र सगळ्यांचं जवळपास एकच येतं! ते आल्यावर मुलांचे चेहरे बघा. ज्याचं उत्तर फार वेगळं आलं, त्याला पुन्हा मोजायला पाठवा, गुण कापू नका. पण उन्हं झरझर बदलतात, दहा मिनिटांत मापं घेऊन व्हायला हवीत.

हे वीस गुण आपण कसे देतो, यावर मला एकदा जाहीरपणे बोलायचंच होतं. बऱ्याच शाळांत ते सरसकट अठरा-एकोणीस दिले जातात. २०१८-१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद केले, आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी होता हे खरं. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. तेव्हा भूगोलाचा पेपर कोविडमुळे झाला नव्हता आणि त्याचे सरासरी गुण दिले होते, हेही धरावं लागेल. तरीही हे आकडे शेजारी मांडून प्रत्येक शिक्षकाने बघावेत. वही न तपासता अठरा गुण मिळाले, हे मुलांना कळतं. ‘गुण म्हणजे असेच मिळतात’ हा धडा आपण जूनपासून द्यायचा आणि मार्चमध्ये त्यांना प्रामाणिकपणा सांगायचा, हे मुलांना पटत नाही, आणि का पटावं? तुम्ही निदान तुमच्या विषयात खरे गुण द्या. बारा गुणांचं काम असेल तर बाराच. आणि वाढवायचे असतील तर काम पुन्हा करून दाखवायची मुभा द्या.

प्रश्न : प्रत्येक वर्गात सीसीटीव्ही लावले तर प्रश्न मिटेल ना? – एक आजोबा, पुणे

आजोबा, बाहेरचा माणूस वर्गात येत असेल किंवा पर्यवेक्षकच उत्तरं सांगत असेल, तर कॅमेऱ्याचा उपयोग होतो, आणि अशा केंद्रांवर तो लावावाच. मुलाच्या मनातली नापास होण्याची भीती मात्र त्यात दिसत नाही. कॅमेऱ्याच्या खर्चात गावातल्या शाळेला बाक घेता येत असतील, तर मी आधी बाक घेईन. एका बाकावर एक मूल बसलं की पुष्कळ काम होतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. माझी बालवाडीपासूनची मैत्रीण गणितात खूप कच्ची आहे. तिची आई मला म्हणाली, ‘बोर्डाला तुमचे नंबर पुढेमागे येतील, तिला जरा पेपर दाखव, तेवढी मैत्री ठेव.’ मी हो म्हणाले नाही, नाहीपण म्हणाले नाही. मला रात्री झोप येत नाही. नाही म्हटलं तर मैत्री तुटेल. – इयत्ता दहावी, सांगली

बाळ, तुझ्यावर हे ओझं टाकायला नको होतं. काकूंना लेकीची काळजी वाटते म्हणून त्या बोलल्या, पण ते तुझ्याकडे मागण्यासारखं नव्हतं. तू नाही म्हणू शकतेस. त्यात मैत्रीला काही कमीपणा नाही.

नंबर पुढेमागे आले तरी बोर्डाला एका बाकावर एकच मूल असतं. तुझा पेपर तिला दिसावा म्हणून तुला तो तिरका धरावा लागेल, दोन तास तुझं अर्धं लक्ष पर्यवेक्षकांकडे राहील, तुझीच गणितं चुकतील. आणि सापडलात तर दोघीही सापडाल. दाखवणाऱ्यावरही कारवाई होते.

पण नुसतं नाही म्हणून थांबू नकोस. मैत्रिणीशी आत्ताच बोल, काकूंशी नको. तिला सांग, ‘पेपरात मी दाखवणार नाही, पण आजपासून रोज अर्धा तास तुझ्याबरोबर बसेन.’ पहिल्यांदा संभाव्यता आणि सांख्यिकी घ्या, नंतर अर्थनियोजन. भूमितीत निर्देशक भूमिती आणि भौमितिक रचना. कच्च्या मुलांना हे धडे लवकर जमतात, हे मी वर्षानुवर्षं बघितलं आहे. रचनेला तर कंपास आणि धीर एवढंच लागतं. ती उदाहरण सोडवत असताना तू बोलायचं नाहीस, हे महत्त्वाचं. ती अडली की आधी तिला विचार, ‘इथपर्यंत काय केलंस?’ आपण ज्याला शिकवतो त्याच्यापेक्षा आपलंच जास्त पक्कं होतं, त्यामुळे तुझा वेळ वाया जाणार नाही.

तिला हेही सांग की गणितात राहिली तरी वर्ष जात नाही. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. बऱ्याच घरांत हे नीट माहीत नसतं, आणि ‘नापास म्हणजे सगळं संपलं’ या भीतीने आया अशा गोष्टी मागतात.

ती रागावली तर काही दिवस रागावू दे. रोजच्या अर्ध्या तासाची वेळ तू सोडू नकोस, ती येवो न येवो.

आणि काकूंना उत्तर तू देऊ नकोस. हे पान तुझ्या आईला वाचायला दे आणि काकूंशी तिला बोलायला सांग. मोठ्यांचं बोलणं मोठ्यांनीच केलेलं बरं. आईने ऐकून घेतलं नाही, तर वर्गशिक्षकांकडे जा, आणि तिथेही जमलं नाही तर मला पुन्हा लिही. परीक्षेआधी उत्तर देईन.